चौथीतल्या मुलीस न सुटणारे एक तरी गणित मिळणेबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
शिक्षण कार्यालय, दुसरा मजला.

विषय: माझ्या मुलीस शाळेत अवघड गणित मिळणेबाबत.
संदर्भ: माझा मागील अर्ज व त्यास शाळेने दिलेले समाधानकारक उत्तर.

महोदय,

‘ज्याचं झालं त्यानं हाताची घडी, तोंडावर बोट,’ हा माझ्या गुरुजींचा आवाज अजून कानात आहे. माझं कधी लवकर झालंच नाही, त्यामुळे तो हुकूम मला लागू पडला नाही. माझ्या मुलीला रोज लागू पडतो, सबब हा अर्ज.

१. अर्जदार शाळेसमोर कुलपं दुरुस्त करतो. मुलगी चौथीत आहे. बाईंनी फळ्यावर गणित लिहून खडू खाली ठेवेपर्यंत हिचं उत्तर तयार असतं. बाई भल्या आहेत, परंतु एका खोलीत दोन वर्ग सांभाळतात. ‘झालं? मग झाडांना पाणी घाल, बाळा,’ असं त्या एकदा म्हणाल्या. तिथून सुरुवात झाली.

२. शाळेत झाडं तीनच. त्यातलं एक पाणी जास्त होऊन गेलं. मग फळा पुसणे, घंटा देणे, दुसरीच्या मुलांकडून पाढे म्हणवून घेणे ही कामे तिच्याकडे आली. शिपाईकाका रजेवर असल्यास फाटकही तीच लावते. हुशार मुलांसाठी शाळेत काय आहे, असं मी मुख्याध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, ‘काम आहे की भरपूर.’

३. म्हणून मागील अर्ज केला. आपण तो उत्तरासाठी शाळेकडे धाडलात. त्या संध्याकाळी मुलगी हातपाय धुता धुता म्हणाली, ‘बाबा, तुमच्या अर्जाला आज मीच उत्तर लिहिलं. चांगलं लिहिलंय, काळजी करू नका.’ ‘सदर विद्यार्थिनीच्या बुद्धीस पुरेसा वाव दिला जातो’ हे वाक्य तिचं आहे. मुख्याध्यापकांनी फक्त सही केली. वाक्य सुरेख आहे, हे बाप म्हणून मान्य करतो.

४. आता मूळ दुखणं. हल्ली ती सावकाश झाली आहे. उत्तर आलं तरी पेन्सिल नुसती हलवत बसते, शेजारीण कुठवर आली ते बघते, आणि सगळ्यांच्या शेवटी वही मिटते. चाचणीत मुद्दाम चुका केल्या. शाळेचा शेरा आला, ‘आता वर्गात छान मिसळते.’ तो वाचून तिच्या आईने जेवणाचं ताट बाजूला सारलं. वाहत्या झऱ्याने आपणहून थबकायला शिकावं, तसं हे दिसतं, साहेब. का गं असं, म्हणून विचारलं तर ‘काही नाही’ म्हणते.

तरी आठवड्यातून एक अवघड गणित तिला देण्याचे आदेश व्हावेत. बदल्यात उरलेल्या दोन झाडांना पाणी मी घालीन. घंटाही देईन, दुकान समोरच आहे.

आपल्या उत्तराची (कृपया आपल्याच हातच्या) वाट पाहणारा,
आपला नम्र,
शाळेसमोरचा कुलूपवाला
दिनांक: ४ सप्टेंबर

ता. क. हा अर्ज तपासायला मुलीकडेच दिला होता. चुका काढून झाल्यावर ती दुकानातलं एक गंजलेलं कुलूप घेऊन बसली. सबंध दुपार ते उघडेना, आणि ही आपली गुणगुणत होती. ‘आण, मी उघडतो,’ म्हटलं तर तिने कुलूप पाठीमागे लपवलं. मग इतके दिवस पोटात ठेवलेलं बोलली, ‘नको ना, बाबा. मला शाळेतपण असंच अडायचंय.’