पिनियनचे दात

७ नोव्हें., शुक्रवार

जावईबापूंच्या पिकअपला मागचं डिफरन्शियल, मागची चाकं फिरवणारी दातेरी चाकांची जोडी, बसलं एकदाचं. जुन्याचे दात झिजून गेले होते. हे दुसरं मालेगावच्या भंगारबाजारातून मीच शोधून आणलेलं. काम रफीकभाईच्या गॅरेजवर. व्याही कळवणहून हार-नारळ घेऊन नऊलाच हजर. साडेदहाला राहुकाळ लागतो, त्याच्या आत नारळ फुटला पाहिजे, म्हणून सारखे घड्याळ बघत उभे.

मोठ्या चाकाचे, क्राऊनचे, दात मोजले. एकेचाळीस. जुन्याचेही एकेचाळीस. रफीक म्हणाला, "नाना, पिनियन बाकी आहे." ते छोटं चाक आत, क्राऊनच्या आड, वर काजळीचा थर. खुणा करून, फिरवून मोजायचं म्हणजे वेळ जाणार. दहा वाजून गेले होते. म्हटलं, असू दे. क्राऊन तोच, तर पिनियनही तोच असणार.

जावयांनी, किशोररावांनी, विचारलं, "मोजलं ना मामा?"

चारचौघांत म्हणालो, मोजलं.

व्याही लोकांना सांगत होते, एकतीस वर्षं ओझरला विमानाच्या कारखान्यात फिटर, यांनी मोजलं म्हणजे झालं. नारळ दहा पंचवीसला फुटला. पेढे बरे होते.

१० नोव्हें., सोमवार

कि.रावांचा फोन. "मामा, गाडी लय पळती. काटा साठावर हाय आन् बाकीचे मागं पडतेत."

छान वाटलं. हिलाही सांगितलं. दुपारी आडवा झालो तर झोप येईना. काटा साठावर असताना साठवाले मागे का पडतात? टायर तर तेच आहेत.

रिकामी असेल गाडी. पण रिकामी असली म्हणून काय.

१३ नोव्हें., गुरुवार

कि.राव टोमॅटो घेऊन मार्केटला आले होते, तिथून जेवायला गंगापूर रोडला घरी. हिने भरीत केलं. जेवता जेवता म्हणाले, "डिझेल तेवढंच लागतं मामा, पण किलोमीटर कमी दिसतेत. कळवण ते तुमचं दार, कायम अठ्ठ्याहत्तर. आज चौसष्टच."

काट्याची केबल घसरत असेल, म्हणालो. तोंडातून पटकन निघालं.

पोचवायला खाली गेलो. मागच्या चाकापाशी जळका वास. ब्रेकच्या ड्रमला बोट लावलं तर चटका बसला. उभी करून तासभर झाला होता.

१४ नोव्हें., शुक्रवार

सकाळी कागद घेऊन बसलो. ७८ ला ६४. म्हणजे अकराला नऊ, जवळजवळ काटेकोर. जुना पिनियन नऊ दातांचा होता, ते मला पाठ आहे. हा अकराचा आहे.

दोन दात. काटा चाकांचे नाही, इंजिनकडून येणाऱ्या दांड्याचे फेरे मोजतो; तो साठ दाखवतो तेव्हा गाडी त्र्याहत्तरवर असते. तेही चाललं असतं. पण उतारावर खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडी मागे ओढून धरतं, ती पकड सैल झाली. सगळा भार ब्रेकवर. आणि कि.राव आठवड्यातून दोनदा सुरतेचा माल भरून सापुतारा घाट उतरतात.

कारखान्यात कुणी असं न मोजता 'मोजलं' म्हणून सही केली असती, तर मीच त्याला गेटाबाहेर काढला असता.

रफीककडे गेलो. "मी बोललो होतो" हे तो म्हणाला नाही, हा त्याचा मोठेपणा. म्हणाला, "नऊवाली जोडी मी ढूंढतो नाना. जमाईला मात्र आजच सांगा. आज."

आज सांगितलं नाही. फोन हातात घेतला होता.

१५ नोव्हें., शनिवार

फोन केला. म्हणालो, उद्या गाडी आणा, तेल बदलू.

"मागल्या शुक्रवारीच तर टाकलं मामा. लोड हाय."

बरं, घाटात एक गिअर खाली घेऊन उतरा.

म्हणाले, "मामा, पंधरा वर्षं गाडी हाकतो मी." आवाज बदललेला. जावई म्हणजे दहावा ग्रह, तो वक्री व्हायला किती वेळ. मी 'हो हो' म्हणून ठेवून दिला.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत काय आहे ते मलाच माहीत. भित्रा आहे मी, दुसरं काही नाही.

१८ नोव्हें., मंगळवार

मनूचा तिच्या आईला फोन. ही कणीक मळत होती, म्हणून स्पीकरवर. मी स्वयंपाकघराच्या दाराशी.

"काल घाटात यांचा ब्रेक पार खाली गेला गं आई. डोंगराच्या अंगाला घासत थांबवली गाडी. आरसा गेला. हे म्हणतात नानांना सांगू नको, त्यांनी एवढ्या हौसेने बसवून दिलंय, त्यांच्या जिवाला लागेल."

दारातूनच परत फिरलो. माझ्या जिवाला लागेल म्हणून तो गप्प, आणि मी कशासाठी गप्प आहे?

ब्रेकचे लायनर नवीन टाकलेत म्हणे. शुक्रवारी पुन्हा सुरत. नवे लायनर दोन खेपांत जळतील. हे मला कळतं, त्यांना कळायचं कारण नाही. त्यांच्या हिशेबी दात मोजलेले आहेत.

२० नोव्हें., गुरुवार

रफीकला जोडी मिळाली. पिनियन मी तीनदा मोजला. नऊ. तो नुसता बघत बसला होता.

फोनवर जमणार नाही. उद्या पहिल्या एसटीने कळवण. तोंडावर सांगायचं. वाक्य ठरवलं: किशोरराव, मी मोजलं नव्हतं. एवढंच. पुढेमागे काही जोडायचं नाही. राहुकाळाचं तर अजिबात नाही.

हिला सांगितलं, मनूला भेटून येतो.

२१ नोव्हें., शुक्रवार. कळवण

पोचलो तेव्हा साडेदहा. पिशवी हाताला रुतलेली. पिकअप दारात भरून उभी, क्रेट केबिनच्या वर गेलेले. ओट्यावर शेजारचे चार जण. व्याही पुढे आले, "या या. हे आमचे व्याही. यायनी सोता दात मोजेल हे गाडीचे." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कि.राव पाया पडले.

वाक्य तोंडात होतं. एवढी माणसं जाऊ देत, मग बाजूला घेतो, असं ठरवलं.

तेवढ्यात मनू बाहेर आली. नवी साडी, हातात डबा. नणंदेचं डोहाळजेवण आहे सुरतेला, गाडी जातेच आहे तर तीही निघालेली. मी म्हणालो, बसने जा ना मनू. ती म्हणाली, "नाना, घरची गाडी असताना बसने?" सगळे हसले. मीसुद्धा हसलो. देवा, मी हसलो.

कि.रावांना म्हणालो, जपून.

"हाव मामा."

अकराला निघाले. ओट्यावरचे लोक उठून गेले. चहा आला. साय धरेपर्यंत कपाकडे बघत होतो. मग व्याह्यांना सांगितलं. पिशवीतली जोडी काढून दाखवली, नऊ आणि अकरा समजावलं.

त्यांनी एकदाच विचारलं, "मोजलंच नव्हतं?"

नाही.

कप खाली ठेवला. दोघांचे फोन लावले. एकही लागेना, घाटाच्या अलीकडे हतगडच्या बाजूला रेंज नसते. मोटरसायकल काढली. मी मागे बसायला गेलो तर म्हणाले, "तुमी बसा हितंच." इतक्या वर्षांत ते माझ्याशी असं कधी बोलले नव्हते.

अकरा चाळीसला गेले. घाटमाथ्यापर्यंत चढ आहे, भरलेली गाडी हळू जाणार. मोटरसायकल गाठू शकते. माथ्याच्या अलीकडे गाठलं तर.

आता एकला दहा कमी. मनूचा फोन अजून लागत नाही. ओट्यावर बसून हे लिहितोय, हाताला काहीतरी पाहिजे म्हणून. विहीणबाई दोनदा येऊन गेल्या. ताट वाढलंय म्हणाल्या, आणि हे असे न जेवता कुठं गेले, विचारलं. दोन्ही वेळा म्हणालो, येतील.

विहीणबाई पुन्हा येताहेत.