फौजदाराच्या पिंजऱ्यातला भुसा

प्रिय बाळ्या,

गुरुवार, सहा मार्च, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. या वेळी तू तिकडे बसून, मोबाईलवर बोट फिरवून, माझं वर्तमानपत्र बंद केलंस. तक्रार करायची तर आधी तारीख-वेळ लिहावी, हे आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी छडी मारून शिकवलंय, म्हणून लिहिली. वर फोन करून मलाच ऐकवलंस, आई, हल्ली सगळं मोबाईलवर असतं, घरात रद्दी कशाला? असेल सगळं. पण मोबाईल पिंजऱ्यात अंथरता येत नाही, राजा.

तुझ्या बाबांचा बडगी, तो इवलासा पोपट, आपला फौजदार, सहा वर्षं ताज्या बातम्यांवर घाण करत आलाय. रोज सकाळी सातला जुना कागद काढायचा, नवा घालायचा. तुला त्याची किळस. मी तीस वर्षं लॅबमध्ये परक्यांचे नमुने तपासले, ही तर घरची विष्ठा! कागदावर तिचा रंग, पातळपणा, सगळं एका नजरेत कळतं. पक्षी आजार लपवतो, कागद लपवत नाही.

शनिवारी तुझं खोकं आलं. लाकडाचा भुसा, लॅव्हेंडरच्या वासाचा, पाकिटावर हसरा पोपट. सोबत तुझी चिठ्ठी, की आता रोज वाकायला नको, आठवड्यातून एकदा बदललास की झालं. पाकीट फोडताच माझं नाक चुरचुरलं. त्या अंगठ्याएवढ्या जिवाला हा वास सोसायचा नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी अंथरला. तुला माझ्या गुडघ्यांची आठवण झाली होती ना. ती परत कशी पाठवणार? म्हणजे चूक माझीही आहे. हे एकदाच लिहिते, पुन्हा विषय काढायचा नाही.

भुशात सगळं जिरतं. नऊ दिवस मला काही दिसलं नाही. सोमवारी सकाळी बघते तर फौजदार पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला, श्वासागणिक शेपूट वरखाली. आणि गप्प. एरवी सकाळी मी पिंजऱ्यावरचं कापड काढलं की तो विचारतो, अगं, चष्मा कुठंय? शब्द बाबांचे, आवाजही हुबेहूब बाबांचा. ते गेल्यावर पहिले काही महिने मला हे ऐकवत नव्हतं. नंतर मी उत्तर द्यायला लागले, की कपाळावर आहे, हात लावून बघा. आज बुधवार. तीन दिवस या घरात मला कोणी काही विचारलेलं नाही.

पक्ष्यांची डॉक्टर तुझ्याहून लहान, पण तिने मला चांगलंच झापलं. आजी, वासाचा भुसा कोणी सांगितला तुम्हाला? पाखराची फुप्फुसं नाजूक असतात. साधा वर्तमानपत्राचा कागद, रोज बदललेला, त्यासारखं दुसरं काही नाही. चकचकीत मासिकाचा नको, ओला राहिलेला नको. मी मान खाली घालून ऐकलं. तुझं नाव सांगितलं नाही. आता कोपऱ्यावरच्या दुकानातून रोज मीच अंक आणते. वाचत नाही, सरळ अंथरते.

पण कागदाने हवा सुधारेल, आजार नाही जायचा. त्याला औषध आहे, दहा दिवस, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन थेंब चोचीत. डॉक्टर म्हणाली, आजोबांना पक्षी धरायला सांगा, थेंब तुम्ही टाका. मी हो म्हटलं. त्या पोरीला काय सांगत बसू? घरी आल्यावर रुमालात गुंडाळून पाहिला. घट्ट धरला तर त्याचा श्वास कोंडतो, सैल धरला तर निसटतो, आणि माझा उजवा हात हल्ली थरथरतो, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. काल दोन्ही वेळचं औषध माझ्या बाहीने प्यायलं. शेजारीण एरवी मोठी धीट, पण चोच दिसली की दाराबाहेर. मला दुसरे दोन हात हवेत, बाळ्या. भुसा नको, पार्सल नको, कोणाला पाठवतोही म्हणू नकोस. तू ये. फोनवर तू ‘बघतो’ म्हणतोस आणि मी ‘बरं’ म्हणून ठेवून देते, म्हणून हे पत्र आजच्या कुरियरने पाठवते आहे. येतोस की नाही, ते मला शुक्रवारी, एकवीस तारखेला, संध्याकाळी सहाच्या आत लेखी कळव. मोबाईलवर लिहिलंस तरी चालेल.

तुझीच,
आई