अप्पांचा तांब्या

ती. ताईस,
धाकट्याचा डोळे उघडे ठेवून नमस्कार.

चष्म्याचा नंबर काढायला गेलो, तर डॉक्टरीणबाईंनी डोळ्यातला दाब मोजला आणि काचबिंदू निघाला. घाबरू नकोस. तो दुखत नाही, खुपत नाही. गुपचूप कडेची नजर खातो. समोरचं स्वच्छ दिसतं, म्हणून पत्ताच लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही, पण रोज थेंब घातले की उरलेली टिकवता येते. माझे निम्मे थेंब अजून गालावरच पडतात.

बाईंनी विचारलं, "घरात कुणाला होता?" मी नाही म्हणालो. मग जिना उतरताना अप्पा आठवले. त्यांच्या पायाने शेजारचा तांब्या हमखास लवंडायचा आणि आपण त्यांना धांदरट म्हणून हसायचो. तसाच परत वर गेलो नि सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग सख्ख्या भावंडांनी तपासून घ्यायलाच हवं."

दाजींचा गुडघा कसा आहे?

मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस, "हल्ली दाराची चौकट सारखी खांद्याला लागते, मी अगदी अप्पांवर गेलेय." वाचून मी हसलो होतो.

ताई, हे पत्र खाली ठेव, दाजींना सोबत घे आणि डोळे दाखवून ये. निघताना चौकट सांभाळ.

तुझा,
धाकटा