भाचीचा कायदा

चि. मृण्मयीस,

जहाजावर नोकरीला असलेल्या निनादला हॅम्बर्गला तुझ्याच इस्पितळात ठेवलंय, एवढंच कंपनीनं कळवलं. त्याची आई भागूबाई रडत आली. "तुमची भाची तिथंच नर्स हाय ना? विचारा ना जरा!"

मी फोन केला. तू म्हणालीस, "आत्या, तो इथे आहे की नाही, हेही सांगणं इथे गुन्हा आहे."

मी रागावले. आपल्याकडे लॅबवाला शेजाऱ्याच्या हातातही रिपोर्ट देतो!

दुसऱ्या दिवशी निनादनं स्वतःच आईला सगळं सांगितलं. आजार त्याचा, सांगण्याचा हक्कही त्याचाच. तू तो राखलास.

काल शेजारच्या गोदाताईंनी विचारलं, "काय झालंय गो त्याला?"

"सांगता येणार नाही. कायदा आहे."

"रत्नागिरीत कसला कायदा?"

"माझ्या भाचीचा."

हे पत्र मात्र पाठवणार नाही. त्यात त्याचं नाव लिहून बसलेय.

तुझी आत्या