वावटळीवरचा नारळ

मी, मोतीराम कडुबा शेजूळ, वय चौऱ्याहत्तर, राहणार हर्सूल, छत्रपती संभाजीनगर, धंदा पूर्वी कारखान्यात मेंटेनन्स फिटर, आता काही नाही, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. अक्कल ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. नशापाणी केलेलं नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. ज्याने आणून पाहिला त्याचं नाव पुढे येईलच. येत्या सोमवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. जुनी काढायची आणि नवी बसवायची, हेच काम मी जन्मभर केलं. पण बसवणारा फिटर कसा आहे ते मला माहीत नाही, म्हणून आधी लिहून ठेवलेलं बरं.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. माझा पुतण्या अतुल कारभारी शेजूळ याने गेल्या वर्षी वकिलाकडून एक टाइप करून आणलं होतं. त्यात 'माझा लाडका पुतण्या' हे शब्द सात ठिकाणी होते. मी सही केली नाही. तसला कागद कोणी पुढे केला तर तो खोटा समजावा.

कलम १. घर. हर्सूलचं दोन खोल्यांचं घर, अंगण आणि त्यातल्या लिंबाच्या झाडासह, माझी पत्नी केसरबाई हिचं. आम्हाला मूलबाळ नाही. मी देशातल्या सव्वीस रोलरकोस्टरांवर बसलो, ती एकावरही बसली नाही. प्रत्येक पार्कात ती बाकड्यावर माझ्या चपला, चष्मा आणि पाकीट मांडीवर घेऊन बसायची. हैदराबादच्या एका पार्कात मी सकाळी दहापासून चारपर्यंत एकाच पाळण्यावर चौदा वेळा बसलो. खाली आलो तेव्हा ती एवढंच म्हणाली, "झालं का समाधान? मला भूक लागली." घर तिला देतोय यात मी उपकार करत नाही. अतुल किंवा त्याची बायको सोनिया "काकू, एकट्या कशाला राहता" म्हणत आले तर त्यांना चहा पाजावा आणि वाटेला लावावं.

कलम २. वह्या. कपाटातल्या चार लांब वह्या संध्या भीमराव खिल्लारे हिला द्याव्यात. संध्या आयटीआय झालेली इलेक्ट्रिशियन आहे, हर्सूलचीच आहे, आणि अतुलच्या पार्कातल्या 'वावटळ' या रोलरकोस्टरची ती ऑपरेटर होती. 'होती' का लिहिलं, 'आहे' का नाही, ते कलम ५ मध्ये सांगतो. वह्यांत प्रत्येक पाळण्याची चढण, वळणं, आवाज आणि तो किती वेळा व किती मिनिटं बंद पडला, हे सगळं आहे. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा.

या ठिकाणी माझी मतं नोंदवून ठेवतो, कारण जिवंतपणी ती कोणी पूर्ण ऐकून घेतली नाहीत. पहिल्या सीटसाठी भांडणारे लोक मूर्ख आहेत. खरी मजा शेवटच्या सीटवर आहे. उतारावर पुढचे डबे मागच्याला ओढून नेतात आणि बूड सीटवरून सुटतं. ज्याचं बूड सुटलं नाही तो रोलरकोस्टरवर बसलाच नाही, तो नुसता फिरून आला. गाडी हलायच्या आधीच किंचाळणाऱ्यांना उतरवून द्यावं. हातात मोबाइल धरून बसणाऱ्यांचा मोबाइल पडलाच पाहिजे, अशी माझी इच्छा असायची आणि तीन वेळा ती पूर्ण झाली.

आणि सर्वांत जास्त राग मला 'बिघडला, बिघडला' म्हणून ओरडणाऱ्यांचा येतो. गाडी चढावर थांबली की यांचे चेहरे फुलतात, व्हिडिओ सुरू होतात. अरे बाबांनो, थांबला म्हणजे तो पाळणा शहाणा आहे. त्याला काहीतरी खटकलं, म्हणून त्याने तुम्हाला धरून ठेवलंय. भीती वाटायचीच असेल तर जो कधीच थांबत नाही त्याची वाटू द्या. हे मी पार्का-पार्कांत रांगेत उभं राहून लोकांना सांगितलं. लोक केसरबाईकडे बघायचे, आणि ती दुसरीकडे बघायची.

कलम ३. हत्यारं. पान्यांचा पूर्ण संच, दोन टॉर्क पाने, मल्टीमीटर आणि पितळी हातोडी संध्याला. अतुलने यातला एकोणीस नंबरचा पाना नेलेला आहे आणि "आणून देतो" म्हणाला होता. तो वसूल करावा.

कलम ४. जमीन. वेरूळ रस्त्यालगत माझ्या वाट्याची साडेतीन एकर जमीन आहे. तिच्यावर अतुलचं 'गगनझेप' पार्क उभं आहे. तो आठ वर्षांपूर्वी आला तेव्हा म्हणाला, "काका, हॉटेल टाकतो." मी नाही म्हणालो. मग म्हणाला, लग्नाचा हॉल टाकतो. त्यालाही नाही म्हणालो. मग कोणीतरी त्याला माझी नस सांगितली असणार, कारण तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "काका, रोलरकोस्टर टाकतो." मी त्याच दिवशी करारावर सही केली. दक्षिणेतल्या एका बंद पडलेल्या पार्कातून ती वावटळ अकरा ट्रकांत आली, प्रत्येक तुकड्यावर खडूने नंबर. सात महिने मी फिटरांबरोबर उन्हात उभा राहून ती जोडली. माझ्या आयुष्यात त्याहून चांगले दिवस आले नाहीत, आणि ते अतुलने दिले, हेही लिहून ठेवतो. खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे.

जमीन केसरबाईच्या नावे करतो. पार्काचा करार दर पाडव्याला नवा होतो. माझ्या मागे केसरबाईने तो एकाच अटीवर नवा करावा: रोज सकाळी संध्या वावटळ तपासेल, आणि तिची सही झाल्याशिवाय गाडी हलणार नाही. सही नसेल तर करार नाही. करार नसेल तर अतुलने आपलं लोखंड उचलावं. तिथं मका चांगला येतो.

कलम ५. हे कलम लिहायला मला चार दिवस लागले.

वावटळीला दोन गाड्या आहेत. एरवी एकच चालते, गर्दीच्या दिवशी दोन्ही. स्टेशनाच्या तोंडाशी, रुळाखाली एका पेटीत सेन्सर आहे. पहिली गाडी घरी आली हे तो मशिनीला सांगतो. त्याने सांगेपर्यंत मशीन दुसऱ्या गाडीला चढावरच धरून ठेवते, म्हणजे एक दुसरीवर आदळत नाही. सगळी सुरक्षितता त्या पेटीत आहे.

गेल्या खंडेनवमीला पार्कातल्या मशिनींची पूजा होती. अतुल म्हणाला, "काका, नारळ तुम्ही फोडा." फोडायला दगड ठेवलेला होता. पण मी चाळीस वर्षं कारखान्यात मशिनीच्या अंगावरच नारळ फोडला. पाणी लोखंडावर पडलं पाहिजे, तरच ती पूजा, हे माझं ठाम मत. मी रुळाशी गेलो. संध्या पुढं आली आणि हळू आवाजात म्हणाली, "काका, इथं नका फोडू. खाली सेन्सरची पेटी हाय, झाकण चिरलंय तिचं. दोनदा लिहून दिलं मी, अजून नवं आलं नाय."

मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तू जन्मायच्या आधीपासून मी मशिनीला नारळ फोडतोय. तू मला शिकवू नको."

आणि फोडला. पाणी रुळावरून खाली गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याची गर्दी. दोन्ही गाड्या सुरू. दुपारी पहिली गाडी घरी आली, पण सेन्सर गप्प. मशिनीने दुसरी गाडी चढावर धरली, चौदा माणसं, ऊन डोक्यावर. अतुल ओरडत होता, "ढकल ना पुढं, हाताने सोड गाडी." संध्याने सोडली नाही. पेटीत काय झालंय ते समजल्याशिवाय सोडणार नाही म्हणाली, पायऱ्यांनी वर चढली, आणि दोन तास दहा मिनिटांत चौदाच्या चौदा माणसं एकेक करून हाताला धरून खाली आणली. खाली लोक व्हिडिओ काढत होते. संध्याकाळपर्यंत आमचं पार्क सगळ्या मराठवाड्याच्या मोबाइलमध्ये होतं.

अतुलने सगळ्यांना ऑफिसात उभं केलं आणि विचारलं, कोणामुळे झालं. संध्याने माझ्याकडे बघितलं. मी काय बोलतो याची तिने वाट बघितली. मी माझ्या बुटांकडे बघत राहिलो. त्याच संध्याकाळी गेटवर कागद लागला: ऑपरेटरच्या चुकीमुळे झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. संध्याला काढलं. आता ती जाधववाडीत मोबाइलच्या दुकानात काचा बदलते.

सतरा जानेवारीला, संक्रांतीची गर्दी सरल्यावर, मी ती पेटी उघडली. आत वाळलेलं खोबरं, झेंडूच्या पाकळ्या, बुरशी. आणि सेन्सरच्या दोन टोकांना जोडणारी लाल वायर. अतुलने सेन्सर दुरुस्तच केला नव्हता. वायर लावून मशिनीला कायमचं सांगून टाकलं होतं, की पुढची गाडी घरी आलेली आहे, खुशाल सोडा.

मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "काका, तुम्हीच जोडलेली गाडी हाय, मजबूत हाय. आता ती थांबत नाय, हे चांगलंच झालं ना? अन् पेटी उघडली तर नारळ कुणाचा, हे पण निघंल. मला माहीत नाय व्हय?"

म्हणजे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. हा तो दबाव. आणि मी दबलो. एकोणीस दिवस. त्यात तीन रविवार आणि एक सव्वीस जानेवारी, दोन्ही गाड्या भरून. ते चार दिवस मी स्टेशनाचा कठडा धरून उभा होतो. प्रत्येक गाडी घरी येईपर्यंत माझ्या छातीत कळ यायची. डॉक्टर म्हणतात ती झडपेची. असेल. जन्मभर रांगेत लोकांना भाषणं दिली की न थांबणाऱ्या पाळण्याला भ्या, आणि माझ्याच जमिनीवरचा न थांबणारा पाळणा मी माझ्या अब्रूसाठी चालू दिला. अतुलला मी हरामखोर म्हणतो. त्याच मापाने मी स्वतःलाही मोजतो.

सबब लिहून ठेवतो की नारळ मी फोडला, संध्याची काही चूक नव्हती, आणि माझ्या तेराव्याला हे कलम सगळ्या भावकीसमोर मोठ्याने वाचावं. आज सकाळी पार्क उघडायच्या आधी मी ती लाल वायर काढून आणली आहे.

कलम ६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी संध्याने करावी.

इथपर्यंत लिहून मी केसरबाईला वाचून दाखवलं. पुढचं त्यानंतरचं आहे.

तिने पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे मेल्यावर सांगणार तिला? जित्तेपणी तोंड नाय का तुम्हाला? उठा. बूट घाला."

आम्ही रिक्षाने जाधववाडीला गेलो. संध्या भिंग लावून कोणाचा तरी फोन उघडून बसली होती. मी दुकानात उभ्या उभ्या कलम ५ तिला वाचून दाखवलं. दोन गिऱ्हाइकंही ऐकत होती. ती रडली नाही, माफ केलं असंही म्हणाली नाही. तिने विचारलं, "वायर काढली ना?"

मी म्हणालो, सकाळीच.

"मंग आतापर्यंत दुसरी लावली असंल," ती म्हणाली, आणि मालकाला सांगून तशीच निघाली.

दुसरी लावलेली होती. निळी. सिल्लोडच्या एका शाळेच्या सहलीच्या तीन बसा आल्या होत्या, म्हणून गुरुवार असूनही दोन्ही गाड्या पोरांनी भरून चालू होत्या. संध्या स्टेशनाशी उभी राहिली. पहिली गाडी घरी आली, दुसरी आली, पोरं उतरली, तेव्हा तिने मेन स्विच खाली ओढला आणि त्याला कुलूप घातलं. ते कुलूप तिने दुकानाच्या शटरचं आणलं होतं. किल्ली ओढणीच्या टोकाला बांधली. रांगेतली पोरं ओरडायला लागली, बिघडला, बिघडला. शिक्षकांनी येऊन विचारलं, "बिघडला का हो?"

संध्या म्हणाली, "नाय सर. बंद केलाय."

अतुल धावत आला. "काका, लोकांसमोर माझी इज्जत घालवली तुम्ही." मी रांगेकडे तोंड केलं आणि दसऱ्याला काय झालं ते सांगितलं. पोरांना काही समजलं नाही. पार्कातल्या नोकरांना समजलं.

म्हणून कलम ५ मधली तेराव्याची सूचना रद्द. काम झालं आहे. पाडव्याच्या कराराची अट मात्र माझ्या मरणाची वाट बघणार नाही, आजपासूनच लागू आहे.

कलम ७. पुतण्या अतुल याला माझ्या मिळकतीतून दोन वस्तू: नऊ इंच लाल वायर आणि साधारण तेवढीच निळी. दोन्ही या कागदाला चिकटपट्टीने लावल्या आहेत. याहून जास्त त्याने मागू नये.

हे सर्व मी वाचून, समजून, वावटळीच्या स्टेशनावर बसून सही करतो. खालच्या दोघांनी मला सही करताना बघितलं आणि माझ्यासमोर आपली सही केली.

ठिकाण: वावटळीचं स्टेशन, वेरूळ रस्ता, जिल्हा छत्रपती संभाजीनगर. गाडी बंद.
दिनांक: ५ फेब्रुवारी २०२६, दुपारी चार.

सही: मोतीराम कडुबा शेजूळ

साक्षीदार १: सखाराम तुकाराम गायके, कर्णपुऱ्याच्या यात्रेतले आकाशपाळणेवाले
साक्षीदार २: आशाबाई रंगनाथ दांडगे, पार्काच्या गेटवर कणसं विकतात

अंमलबजावणीचं काम मला मान्य आहे. नारळाचं लिहिलंय ते खरं आहे. मी तेव्हाच सांगितलं होतं. झाकण अजून आलेलं नाही.
संध्या भीमराव खिल्लारे