रविवारचं वाचन

कारेगाव,
मंगळवार, २२ एप्रिल २००८

प्रिय आबा,

सविनय जय भीम. आईचा गुडघा कसा आहे? तेल लावून घेते का, की नुसतं "लावते" म्हणते?

मागच्या पत्रात माझी चूक झाली. मी लिहिलं होतं, "चाळीतला करार दिलमाननं मोडला." ते खोडा. रेल्वेत गार्ड असताना तुम्ही वहीत खोडायचात तसं, एकच रेघ, खालचं वाचता येईल अशी. तुमच्या जुन्या वह्यांच्या मागच्या पानांवरच तर तुम्ही मला अक्षरं शिकवलीत. फोनवर सांगणार होते. दोनदा नंबर लावला आणि ठेवून दिला.

करार तुम्हाला ठाऊक आहे, तरी नीट लिहिते. दीड वर्षापूर्वी नेपाळात सरकार आणि माओवाद्यांचा समझोता झाला, पण तो आमच्या चाळीपर्यंत पोचला नव्हता. चाळीतल्या दोघा नेपाळ्यांपैकी हर्कचा भाऊ तिकडं पोलिसात होता, तो माओवाद्यांनी मारला. दिलमानची बहीण माओवाद्यांच्या फौजेत. दोघांची गावं एकाच खोऱ्यात, इथं नळही एकच. बादल्या डोक्यात घालायची वेळ आली, तेव्हा घरमालकीण सोजरमावशीनं दोघांना ओट्यावर बसवलं.

"तुमच्या राजाचं न् रानाचं मला कळत न्हाई. पर नळ माझा हाय. गावाकडची बातमी दोघांनी संगं ऐकायची, रविवारी. वाचंल ही रश्मी. एकट्याला कुणी सांगायचं न्हाई, आन् एकट्यानं कुणी नाचायचं न्हाई."

तेव्हापासून या महिन्यापर्यंत एक रविवार चुकला नाही. हर्क डावीकडं, दिलमान उजवीकडं. मी मराठी पेपरातलं एक वाक्य वाचायची, मग त्याचं हिंदी करायची. एकदा माओवाद्यांच्या छावण्यांची बातमी होती, बंदुका पेट्यांत कुलूपबंद केल्याची. दिलमानला बहीण आठवली असणार, हर्कला भाऊ. हर्कनं त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. अशी माणसं मी पाहिली नाहीत, आबा.

दहा तारखेला तिकडं मतदान झालं. शनिवारी, बाराला, दिलमान कारखान्यात आमच्या टाइम ऑफिसच्या हजेरीच्या खिडकीशी आला. "दीदी, कुछ आया?" त्याचा चेहरा बघून माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, "तुम्हारे लोग आगे हैं." चार शब्द.

संध्याकाळी त्यानं जिलेबी आणली. हर्कनं पुडा बघितला आणि विचारलं, "किसने बताया?"

"रेडियो ने," दिलमान म्हणाला.

मी दारातच उभी होते. गप्प राहिले. आणि तुम्हाला पत्र लिहिलं तेही रेडिओसकट.

दुसऱ्या दिवशी मी त्याला गाठलं. माझं नाव का घेतलं नाहीस, विचारलं. तो बादली भरत होता. म्हणाला, "आपका नाम जाता, तो इतवार को पढ़ता कौन?" त्यानं खोटेपणा स्वतःकडं घेतला, करार राहावा म्हणून.

पण तो राहिला नाही. दोन रविवार डावी बाजू मोकळी होती. हर्क महिनाअखेर खोली सोडून गावी जातोय. तो गेला की ह्या जिलेबीची गोष्टही त्या खोऱ्यात जाणार.

काल सोजरमावशीला सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला ठावं व्हतं. त्याच्या रेडिओचं सेल मीच काढून बॅटरीत घातल्यात."

"मग बोलला का नाहीत?"

"तू कवा बोलतीस ते बघत व्हते."

मी दोघांसमोर बोलणार आहे. हर्कला नुसतं एकदा ऐकायला ये म्हणून सांगून आले, तो हो म्हणाला. कदाचित माझ्यावरचा विश्वास जाईल. गेला तर हिंदी पेपर आणून हर्कच्या हातात देईन. त्याला तो वाचता येतो, अडखळत का होईना. मी एका बाजूला बसून ऐकेन. दिलमान मात्र खोटारडा ठरून राहता कामा नये.

खोडलेल्या रेघेखाली सही आणि तारीख हवी, असं तुम्ही सांगायचात. सही आजच करते. तारीख बोलेन त्या दिवसाची घालते.

तुमची
रश्मी
रविवार, २७ एप्रिल २००८