अंजनीची डहाळी

।। श्री ।।

सांगली, ता. ४ एप्रिल १९४६

ती. सयाजीमामांस, शालूचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही सर्व खुशाल. आई विचारते, मामीच्या गुडघ्याला तेल लावता की नुसती पोथीच वाचत बसता?

मामा, माझे एक काम अडले आहे. वनस्पतिशास्त्राच्या सरांनी प्रत्येकाला मोठ्या पावसाच्या रानातले एकेक लहान झाड घ्यायला सांगितले आहे. पान, फूल, फळ स्वतः हाताळून ऑगस्टअखेर त्याचे वर्णन द्यायचे. मी चटकन उठून आपल्या देवराईतल्या निळ्या अंजनीचे नाव सांगितले. यंदा नापास झाले तर कॉलेज बंद आणि फलटणचे स्थळ पक्के, असे आबांनी बजावले आहे. तिकडे यायला परवानगीही नाही. झाडामागं हिंडायला तुला कॉलेजात घातलं न्हाई, म्हणतात. तेव्हा फुलांची एक डहाळी पाठवाच.

मामीला नमस्कार. लोभ आहेच, तो पार्सलातून दिसावा.

आपली शालू

।। श्री ।।

वरची वाडी, उंब्रजमार्गे, ता. १३ एप्रिल

चि. शालूस अनेक आशीर्वाद.

तुझी मामी म्हणाली, पोरीनं सोन्याचं डोरलं मागितलं असतं तर जमलं असतं. देवराईतली काडीही बाहेर नेत नाहीत, गळलेले पानसुद्धा नाही, हे तू विसरलीस. बाहेरच्या अंजनींचे कधीच कुऱ्हाडीचे दांडे झाले. लाकूड टणक, तेच त्यांना नडले.

तरी तुझ्यासाठी देवीला कौल लावला. मूर्तीला लावलेली कळी डावीकडून पडली, म्हणजे नकार. पुन्हा लावावा असे मनात आले, पण उत्तर आवडले नाही म्हणून परत विचारणे बरे नव्हे. मग झाडापाशी बसून डोळ्यांनी नेता आले तेवढे आणले.

झाड गोठ्याच्या वळचणीला टेकेल एवढेच. साल पातळ, उभी चिरलेली. पाने समोरासमोर, जाड, तेलाचा हात फिरवल्यासारखी. मधली शीर तेवढी दिसते, बाजूच्या शिरा जणू नाहीतच. फुले शेंड्याला नसून जुन्या उघड्या फांद्यांवर, झुबक्यांनी. कोणी निळी लोकर गुंडाळून ठेवली असे वाटते. फूल मसुरीएवढे, पाकळ्या चार, खाली गुलाबी पेला. पाहता पाहता माझा जप राहून गेला, पण देवी रागावली नसावी.

आमच्या दाजींना, म्हणजे तुझ्या आबांना, रामराम सांग. माया आहे, ती असू दे.

तुझा मामा

।। श्री ।।

सांगली, ता. २२ एप्रिल

ती. मामांस, शि. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र सरांना दाखवले. ते हसून म्हणाले, मामांना पास करतो, पण तू काय पाहिलेस? पुंकेसर किती, तेही तुम्ही लिहिले नाही! मी देवीवर रुसले नाही. पण फलटणकरांनी पत्रिका मागवली आहे आणि आई माझ्याशी फार गोड बोलू लागली आहे. मला भीती वाटते.

आशीर्वाद असावा, जमल्यास थोडा लवकर.

शालू

।। श्री ।।

वरची वाडी, ता. २ मे

चि. शालूस अनेक आशीर्वाद.

काल झऱ्यावर पाय धुवायला गेलो. झरा राईतून निघतो आणि हद्दीच्या शेंदरी दगडाशेजारून खाली येतो. पाहतो तर पाण्यावर निळा चुरा वाहत येत होता. मी हद्दीच्या खाली पंचा धरून बसलो. फुले आली, दोन पानेही आली. तेवढ्यात नाथाजी गुरव आला आणि आवं, देवीचं पाणी गाळताय व्हय, म्हणून हसू लागला. चालेल का, असे मी विचारले. डोके खाजवून तो म्हणाला, डावा कौल तुमच्या हाताला हाय, पाण्याला न्हाई.

सगळे कागदात दाबून पाठवत आहे. फळे आली की पुन्हा पंचा घेऊन बसेन. मामी म्हणते, म्हातारा मासे धरायला शिकला.

मन घट्ट ठेव, अभ्यास सोडू नकोस.

तुझा मामा

।। श्री ।।

सांगली, ता. ३० ऑगस्ट

ती. मामांस, शि. सा. न. वि. वि.

वर्णन दिले आणि सरांनी घेतले! पुंकेसर आठ, तेही निळे. तुम्ही ओल्या फडक्यातून पाठवलेल्या फळांच्या डोक्यावर मुकुटासारखी कड होती, आत एकेकच बी. मी सर्व वाचून दाखवल्यावर आबांनी फलटणला कळवले की, पोरीचं शिक्षण झाल्यावर बगू.

पण एक बी मी चिरले नव्हते. त्याला मूळ फुटले, आता दोन पाने आहेत. देवीची वस्तू मी कशी ठेवू? दिवाळीत आबा स्वतः मला घेऊन येणार आहेत. रोप राईत कुठे लावायचे?

उत्तराची वाट पाहणारी,

शालू

।। श्री ।।

वरची वाडी, ता. ९ सप्टेंबर

चि. शालूस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मामीने शेजारी गूळ वाटला. गुडघा बरा झालेला दिसतो.

नाथाजीचे म्हणणे, देवीचं लेकरू, आतच लावा. मला तसे वाटत नाही. आत लावले तर पुढच्या पोरीला पुन्हा पंचा धरूनच बसावे लागेल. हद्दीच्या दगडापासून हातभर बाहेर लावू. दांड्यासाठी कोणी कुऱ्हाड घेऊन आलाच तर त्याच्याशी मामी बोलेल.

या खेपेला कौल लावला नाही. दगडाच्या आतले देवीने ठरवावे, बाहेरचे आपण. ये लवकर. पाणी मी घालत जाईन, पहिली डहाळी मात्र तू मोडायची.

तुझा मामा